ट्रकचं ट्रान्समिशन ऑइल: बघायचं इंजिन चालू ठेवून, घालायचं पावशेर-पावशेराने

आधी एक सांगून ठेवतो, इथे अमेरिकेत ट्रक म्हणजे आपला मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहिलेला दहा चाकी टाटा नव्हे, इथे पिकअपला सरसकट ट्रक म्हणतात. मी ह्यूस्टनला राहतो आणि माझ्याकडे २००४ ची शेवरोले सिल्व्हराडो १५०० आहे, ५.३ लिटरचं व्ही-एट इंजिन, फोर-एल-सिक्स्टी-ई नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सेकंडहँड घेतलेली. घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, ट्रक फक्त लाकूड, माती, फर्निचर आणि वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीचं मखर, टेबलं, स्पीकर वगैरे वाहायला. म्हणजे गाडी जास्त वेळ उभीच, आणि उभ्या गाडीचं दुखणं लगेच कळत नाही.

तर झालं असं की सकाळी ड्राइव्हवेमधून मागे काढायला रिव्हर्स टाकला की तीन-चार सेकंद काहीच नाही, मग एकदम धाड करून धक्का आणि मग गाडी हलायची. मला वाटलं ट्रान्समिशनचं, म्हणजे गिअरबॉक्सचं, ऑइल कमी असेल, बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, घातली, परत काढली आणि बघतो तर ऑइल खुणेच्या कितीतरी वर. म्हटलं कमी कुठलं, हे तर कोणीतरी जास्तच ओतून ठेवलंय. थोडं काढून टाकावं असंही मनात आलं होतं. नशीब की आधी ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल उघडलं, कारण मी जे केलं होतं ते इंजिन ऑइल बघायची पद्धत होती. बाबांनी आमच्या मारुतीपासून प्रत्येक गाडीला शिकवलेलं, गाडी बंद कर, थोडा वेळ थांब, ऑइल खाली बसू दे, मग बघ. ट्रान्समिशनला बहुतेक पिकअपमध्ये नेमकं उलटं आहे. गाडी गरम पाहिजे आणि इंजिन चालू पाहिजे.

का ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच पेडलच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, मोठ्या भोपळ्याएवढा पोकळ डबा, तो ऑइलने भरलेला असतो आणि इंजिनाची ताकद त्या ऑइलमधूनच पुढे जाते. खाली एक ट्रे असतो, त्याला इथे पॅन म्हणतात, त्यातलं ऑइल पंप वर खेचतो आणि टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठल्या क्लचकडे जायचं ते ठरवणारा भाग), क्लचेस, रेडिएटरमधला कूलर सगळीकडे फिरवतो. इंजिन बंद केलं की पंप बंद, मग हे वर गेलेलं ऑइल हळूहळू खाली पॅनमध्ये उतरतं. त्यामुळे बंद गाडीत डिपस्टिकवर पातळी जास्त दिसते, माझ्यासारखी. चालू केली की पंप त्यातलं बरंच वर ओढतो आणि पॅनमध्ये जे उरतं ती खरी पातळी. वर आणखी, हे ऑइल तापलं की फुगतं, म्हणून थंड गाडीत आणि गरम गाडीत आकडा वेगळा. कंपनीने डिपस्टिकवर खुणा केल्यात त्या गरम ऑइल आणि चालू इंजिन धरून केल्यात, तुम्ही दुसऱ्या कुठल्याही अवस्थेत बघितलं तर वाचलेलं चुकणार.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी गाडी नीट फिरवून आणा. उभ्या जागी दहा मिनिटं आयडल करून, म्हणजे नुसतं इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्स पुरेसा तापत नाही, इंजिन तापतं पण ट्रान्समिशन मागे राहतं. माझ्या मॅन्युअलमध्ये २४ किलोमीटर म्हणजे १५ मैल चालवून या असं सांगितलंय आणि ऑइलचं तापमान ८२ ते ९३ डिग्री सेल्सियस हवं, इथल्या भाषेत १८० ते २०० फॅरनहाइट. डॅशबोर्डवर ट्रान्समिशनच्या तापमानाचा काटा असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावायचा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर येतो, मोबाइलवर बऱ्याच गाड्यांत हा आकडा दिसतो. काहीच नसेल तर अंदाज असा की डिपस्टिकचं टोक बोटांत धरवत नसेल इतकं चटके देणारं असलं पाहिजे. आणि याच्या उलट, भर उन्हाळ्यात फ्रीवेवर तासभर जोरात चालवून आलात, किंवा ट्रॅफिकमध्ये अडकून, किंवा मागे ट्रेलर ओढून आलात तर लगेच बघू नका, अर्धा तास तरी थांबा, कारण तेव्हा ऑइल प्रमाणाबाहेर तापलेलं असतं आणि पातळी खोटी जास्त दिसते. ह्यूस्टनमध्ये जुलै-ऑगस्टला हे रोजचंच आहे म्हणून मी बघायचं काम सकाळी करतो.

गाडी सपाट जागेवर उभी करा. हे वाक्य सगळे वाचतात आणि सगळे सोडून देतात. ह्यूस्टन शहर पोळपाटासारखं सपाट आहे, टेकडी म्हणून दाखवायला फ्लायओव्हरच, पण प्रत्येक घराचा ड्राइव्हवे मात्र पावसाचं पाणी रस्त्याकडे जावं म्हणून उताराचा असतो, आणि आपण गाडी तिथेच लावतो. साडेपाच मीटर लांबीच्या ट्रकला तेवढा उतार पुरतो, पॅनमधलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि डिपस्टिक भलतंच सांगते. मी आता सरळ घराजवळच्या दुकानाच्या पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बघतो, लोक बघत असतात, बघू देत.

मग हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर दाबून धरा आणि इंजिन चालू असताना गिअरचा दांडा एकेका जागेवरून फिरवा, पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, तिसरा, दुसरा, पहिला, प्रत्येक ठिकाणी तीनेक सेकंद थांबत, आणि परत पार्कवर या. यामुळे सगळ्या वाटांमध्ये आणि क्लचमध्ये ऑइल भरतं. त्यानंतर पार्कमध्ये तीन मिनिटं तसंच आयडल चालू द्या. इंजिन बंद करायचं नाही.

आता बॉनेट. चालू इंजिनावर वाकायचं आहे म्हणून गळ्यातली चेन, ओढणी, आयडी कार्डाची दोरी, लांब बाह्या आधी आवरा, पट्टा आणि पंखा समोरच फिरत असतात, आणि काही गाड्यांचा इलेक्ट्रिक पंखा तर स्वतःहूनच अचानक सुरू होतो. लहान मुलं मदतीला येतात, त्यांना टॉर्च धरायला लांब उभं करा. सिल्व्हराडोत ट्रान्समिशनची डिपस्टिक इंजिनाच्या मागच्या अंगाला, पॅसेंजरच्या बाजूला, अगदी आत असते, वरचं हँडल उचलून उघडायचं आणि मग ओढायचं. इंजिन ऑइलची डिपस्टिक वेगळी, दोन्हींत घोळ घालू नका, कारण इंजिन ऑइलच्या जागी ट्रान्समिशन ऑइल ओतणारे आणि उलट करणारेही लोक आहेत. शंका आली तर पुसून बघा, लाल ते ट्रान्समिशनचं. हा लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती झाली तर कुठलं ऑइल गळतंय ते ओळखता यावं म्हणून.

पुसायला घरचा जुना बनियन किंवा टॉवेल घेऊ नका. आपल्याकडे फडकं म्हटलं की बनियनच आठवतो, मीही तेच केलं होतं, पण सुती कापडाचे धागे-तंतू डिपस्टिकवरून आत जातात आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या आतल्या वाटा केसासारख्या बारीक असतात, एखादा व्हॉल्व्ह अडकला की झालं. तंतू न सोडणारे निळे शॉप टॉवेल मिळतात ते घ्या. पुसा, पूर्ण आत घाला, अगदी खालपर्यंत, दोन-तीन सेकंद थांबा, ओढा आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला वर दिसेल आणि दुसऱ्या बाजूला खाली, कारण काढताना नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल फासलं जातं. जी बाजू खाली दाखवते ती खरी. एकदा बघून समाधान मानू नका, दोन-तीनदा करा, तीनही वेळा तेच आलं की मग मान्य.

माझ्या डिपस्टिकवर खाली थंडचा पट्टा आहे आणि वर गरमचा, तिरप्या रेघांनी भरलेला. थंडची खूण फक्त अंदाजापुरती, म्हणजे नुकतं पॅन उघडून ऑइल बदललंय आणि रस्त्यावर काढायच्या आधी बरंच कमी-जास्त तर नाही ना एवढं बघायला. निकाल लावायचा तो गरमच्या पट्ट्यावर. पट्ट्याच्या आत कुठेही असलं तरी ठीक आहे, अगदी वरच्या रेघेला टेकलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

पातळीबरोबर रंग आणि वासही बघून घ्या, मला तर वाटतं पातळीपेक्षा ते जास्त सांगतात. पांढऱ्या पेपर टॉवेलवर एक थेंब पडू द्या. चांगलं ऑइल कोकम सरबतासारखं लाल आणि पारदर्शक दिसतं, थेंब पसरतो. वापरून वापरून ते तांबूस-तपकिरी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बदलायची वेळ जवळ आलीय एवढंच. पण काळपट झालंय आणि करपलेल्या फोडणीसारखा उग्र वास येतोय तर आत क्लचच्या प्लेटा जळतायत, वरून ऑइल घालून ते बरं होणार नाही. बोटावर चोळल्यावर सोनेरी-चंदेरी चमचम दिसली तर धातू झिजतोय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुधात गुलाबाचं सरबत ओतल्यासारखं गढूळ गुलाबी दिसणं, म्हणजे ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट शिरलंय. बऱ्याच गाड्यांत ट्रान्समिशनचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो, तो आतून फुटला की दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात. असं दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या, पाण्याने क्लचच्या प्लेटांचा डिंक सुटतो आणि मग गिअरबॉक्सच जातो. ह्यूस्टनमध्ये पुराच्या पाण्यातून गाडी काढलेल्यांनीसुद्धा हे बघावं, गिअरबॉक्सला हवा जायला वर एक छोटी नळी असते, पाणी तिथपर्यंत चढलं तर तिथूनही आत शिरतं.

माझ्या बाबतीत रंग बरा होता, वास नव्हता, पण गरम आणि चालू इंजिनावर बघितलं तर डिपस्टिकचं फक्त टोक ओलं. सकाळी बंद गाडीत तीच डिपस्टिक खुणेच्या वर दाखवत होती! इतका फरक पडतो.

ओतायच्या आधी कुठलं ओतायचं ते बघा, इथे लोक जास्त फसतात. दुकानातल्या रॅकवर सगळ्या बाटल्या लाल ऑइलच्याच असतात आणि सगळ्यांवर ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडच लिहिलेलं असतं, पण प्रत्येकाची पकड वेगळी. क्लचने पकडायचं किती आणि सरकू द्यायचं किती हे ऑइलमध्ये घातलेल्या रसायनांवर ठरतं. चुकीचं पडलं तर गिअर बदलताना धक्के, किंवा ठरावीक स्पीडला गाडी रंबल स्ट्रिपवरून, म्हणजे रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून, चालल्यासारखी थरथरते. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांना डेक्सरॉन-थ्री होतं, ते कंपनीने बंद करून डेक्सरॉन-सिक्स आणलं आणि तेच जुन्यांनाही चालतं असं कंपनीच सांगते, म्हणजे माझ्या २००४ च्या ट्रकला आता डेक्सरॉन-सिक्स. त्याच काळातल्या फोर्ड एफ-वन-फिफ्टीला मर्कॉन-फाइव्ह, सहा गिअरवाल्या एफ-वन-फिफ्टीला मर्कॉन-एलव्ही आणि ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत, नाव सारखं वाटलं तरी. डॉज रॅमला एटीएफ-प्लस-फोर. टोयोटा टॅकोमाला डब्ल्यूएस. सीव्हीटीचं (म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) म्हणून जे मिळतं ते यातल्या कशातच घालायचं नाही. "सगळ्या गाड्यांना चालणारं" लिहिलेल्या बाटल्याही असतात, त्यातल्या चांगल्या कंपन्यांच्या वाईट नसतात पण मागच्या लेबलवर आपलं स्पेसिफिकेशन स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. मी उगाच प्रयोग करत नाही, क्वार्टमागे (साधारण लिटरमागे) दोन-तीन डॉलर वाचवून हजारोंचा गिअरबॉक्स पणाला लावण्यात काय हशील.

जाता जाता एक गंमत. पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक, १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं या ऑइलमध्ये क्लचची पकड गुळगुळीत व्हावी म्हणून चक्क स्पर्म व्हेलचं, म्हणजे देवमाशाचं तेल घालायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आली तेव्हा कंपन्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली.

आता ओतणं. याला वेगळं झाकण वगैरे नसतं, डिपस्टिक ज्या नळीतून काढली त्याच नळीतून ऑइल घालायचं, त्यामुळे लांब आणि निमुळत्या तोंडाचं नरसाळं लागतं, ट्रान्समिशन फनेल म्हणूनच मिळतं. इंजिन ऑइलचं किंवा स्वयंपाकघरातलं नरसाळं आणू नका, एक तर पोचत नाही आणि दुसरं म्हणजे त्यात धूळ असते. इंजिन चालूच, पार्कमध्येच. नळीच्या आसपास एक्झॉस्टचे पाइप तापलेले असतात, त्यावर ऑइल सांडलं तर धूर येतो आणि नशीब फारच वाईट असेल तर पेटतंसुद्धा, म्हणून सावकाश, आणि पाइपावर काही पडलं तर इंजिन बंद करून थंड झाल्यावर पुसून घ्या.

इथे माझी दुसरी चूक. एक क्वार्ट म्हणजे ९४६ मिली, लिटरला जरासं कमी. मी पहिला क्वार्ट ओतला आणि लगेच डिपस्टिक घालून बघितली, तर नळी आतून सगळी ओली, डिपस्टिक वरपासून खालपर्यंत लाल, काही कळेना. पुसून परत बघितलं, परत तेच, मग अधीर होऊन दुसरा क्वार्टही रिकामा केला. पाच-सात मिनिटांनी नळीतलं सगळं खाली उतरल्यावर बघतो तर गरमच्या पट्ट्याच्या चांगलं बोटभर वर! हे आमटीतल्या मिठासारखं आहे, घालायला सेकंद लागतं आणि काढायला नाकीनऊ. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की नेहमीची तूट भरायला सहसा अर्ध्या लिटरपेक्षाही कमी लागतं. तेव्हा पावशेर-पावशेर घाला, पाच मिनिटं थांबा, गिअर परत एकदा सगळीकडून फिरवा, बघा, मग पुढचं पावशेर. पट्ट्याच्या मध्यावर आलं की थांबा.

जास्त झालं तर काय एवढं, असं वाटेल. आतले फिरणारे भाग जास्तीच्या ऑइलमध्ये बुडतात आणि ताक घुसळावं तसं घुसळून फेस करतात. फेस म्हणजे हवा, आणि हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पंपाचा दाब पडतो, क्लच सरकतात, तापतात, म्हणजे ऑइल कमी असताना जे होतं तेच जास्त असतानाही होतं. शिवाय वरच्या हवेच्या नळीतून फेस बाहेर येऊन गरम एक्झॉस्टवर पडतो. त्यामुळे जास्त झालेलं काढलंच पाहिजे. मी पार्ट्सच्या दुकानातून हाताने ओढायचा पंप आणला, त्याची पातळ प्लास्टिकची नळी डिपस्टिकच्या नळीतून पॅनपर्यंत सोडली आणि साधारण अर्धा क्वार्ट खेचून बाहेर काढला. तासभर गेला. पण रिव्हर्सची ती धाड त्या दिवसापासून बंद झाली. तसं बघायला गेलं तर सकाळच्या पहिल्या रिव्हर्सला लागणारा वेळ दरवेळी ऑइल कमी असल्यामुळेच असतो असं नाही, गाडी दोन-तीन आठवडे उभी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं आणि पंपाला ते भरायला वेळ लागतो. पण त्याबरोबर वळणावर किंवा चढावर क्षणभर गिअर सुटल्यासारखा होत असेल, इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडी पळत नाही असं होत असेल, तर पंप हवा ओढतोय समजा आणि त्या दिवशीच बघा.

वर जे सांगितलं ते माझ्या ट्रकचं, आणि बहुतेक जुन्या शेवरोले, फोर्डचं. पण सगळ्यांचं तसं नाही. डॉजच्या जुन्या तीन-चार गिअरवाल्या रॅम ट्रकमध्ये बघताना दांडा पार्कवर नाही तर न्यूट्रलवर ठेवायचा असतो, कारण त्या गिअरबॉक्समध्ये पार्कवर असताना टॉर्क कन्व्हर्टरकडे ऑइल जात नाही, म्हणजे हँडब्रेक दणकट पाहिजे आणि चाकाला पुढे-मागे दगड लावलेला पाहिजे. होंडाची रिजलाइन, २००६ ते २०१४ मधली, त्याहून वेगळी, तिथे गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या आतच बघायचं. सहा गिअरवाल्या एफ-वन-फिफ्टीची डिपस्टिक बॉनेटमध्ये शोधू नका, मिळणार नाही, ती खाली गिअरबॉक्सलाच एका बोल्टच्या आत बोटभर लांबीची असते आणि शेजारूनच एक्झॉस्ट जातो, गरम गाडीखाली झोपून ते करताना हात भाजून घेतलेले बरेच आहेत. २००५ नंतरच्या बऱ्याच टॅकोमांना तर डिपस्टिकच नाही. खाली एक प्लग असतो, ठरावीक तापमानाला तो उघडायचा आणि ऑइल बारीक धारेने ओघळून थेंबावर आलं की पातळी बरोबर. ते करायला गाडी चारही चाकांवर सारखी उचलावी लागते, तापमान मोजावं लागतं, मी तरी ते घरी करणार नाही.

कोल्हापूरच्या मावसभावाने इसुझुची व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक पिकअप घेतली तेव्हा त्याचा फोन आला होता की डिपस्टिक सापडत नाहीये. भारतात मिळणाऱ्या ऑटोमॅटिक व्ही-क्रॉस किंवा हायलक्समध्येही असाच डिपस्टिक नसलेला गिअरबॉक्स आहे, तिथे गळती दिसतेय का ते खाली वाकून बघणं आणि ऑइल किती किलोमीटरला बदलायचं ते मॅन्युअलमध्ये बघून वर्कशॉपला आठवण करून देणं एवढंच आपल्या हातात. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलावंच लागत नाही" असं कोणी म्हणालं तर कोणाचं लाइफ ते विचारा.

आणि शेवटी मूळ दुखणं. ट्रान्समिशन ऑइल पेट्रोलसारखं संपत नाही आणि जुन्या इंजिनासारखं जळतही नाही. ते कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर गेलं. (एक अपवाद आहे, सत्तरच्या दशकातल्या काही ट्रकमध्ये गिअरबॉक्सला इंजिनाच्या व्हॅक्यूमची नळी जोडलेली असते, तिथला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून लाल ऑइल पिऊन टाकतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, खाली मात्र एक थेंब नाही.) माझ्या ट्रकमधून दीड क्वार्ट गेलं होतं, तर ते कुठे गेलं हे शोधायला मी एक मोठा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली पसरून ठेवला, फ्रिजच्या खोक्याचा. सकाळी बघितलं तर मोठा ओला डाग, छातीत धस्स झालं, पण ते नुसतं पाणी, एसीचं. ह्यूस्टनच्या दमट हवेत एसीचं पाणी पॅसेंजरच्या बाजूला टपकतच असतं, बोटाने चोळून वास घेतला की कळतं. लाल थेंब होते ते पुढे, रेडिएटरच्या जवळ, रुपयाएवढे दोन. गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत ऑइल नेणाऱ्या ज्या नळ्या असतात त्यात मध्ये रबरी तुकडा असतो आणि धातूला जिथे तो दाबून बसवलेला असतो तिथून पाझरत होतं. नळी बदलली, आपण होऊन करण्यासारखं काम आहे, फक्त क्लिपा हरवू नका. थेंब गिअरबॉक्सच्या मधोमध पडत असतील तर पॅनचं गॅस्केट बघा, मागच्या टोकाला पडत असतील तर मागचं सील, आणि इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडत असतील तर रंग बघूनच ठरवा, काळं-तपकिरी असेल तर इंजिनाचं सील, लाल असेल तर ट्रान्समिशनच्या पंपाचं, आणि दोन्हींत गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो तेव्हा खिसा सांभाळा. गळती थांबवायची औषधं बाटलीत मिळतात, ती रबर फुगवतात, सुकलेल्या सीलला काही महिने आराम पडतो पण फुटलेल्या नळीला त्याचा काही उपयोग नाही.

पंपाने काढलेलं किंवा बदललेलं ऑइल अंगणातल्या गटारात ओतू नका, इथलं पावसाचं गटार सरळ बायूमध्ये, म्हणजे इथल्या संथ ओढ्यात, जातं. झाकणाच्या डब्यात भरून पार्ट्सच्या दुकानात नेलं तर बहुतेक ठिकाणी फुकट घेतात. सांडलेल्यावर मांजराची वाळू टाकायची, रात्रभर ठेवायची आणि झाडून घ्यायची.

ऑइल वर केल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा आणि मग महिन्याने एकदा मी पातळी बघितली आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर तारीख, मैल आणि पातळी पेनाने लिहून ठेवली. तेव्हापासून प्रत्येक वेळी लिहितो. चार महिने झाले, पट्ट्याच्या मध्यावर आहे. आता गणपतीच्या आधी पॅन उघडून फिल्टर बदलायचाय, त्यात साधारण पाच क्वार्ट जातं, सहा आणून ठेवलेत.